छिद्र, वारा आणि नाद

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेत विज्ञानाच्या अध्यापनासंबंधी काही सांगावे अशी आज्ञा मला झाली. मी विषय लहानसाच घेतला आहे. खिळ्याच्या भोकाएवढ्या किंवा ओठांच्या फटीएवढ्या वाटेने हवा जाऊ लागली म्हणजे नाद कसा उत्पन्न होतो, आणि उलट तो नाद त्या हवेवर कशी सत्ता चालवितो, एवढाच हा विषय. परंतु हा धागा धरून चालले असता आपण थेट पहिली-दुसरीच्या वाचनाच्या तासापर्यंत येऊन पोचतो. त्याविषयीच्या अज्ञानामुळे माझ्या हातून एक चूक घडली. तीही मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

पावसाळ्याचे दिवस असतात. शाळेच्या खिडकीचे दार नीट बसत नाही, फट राहते. वाऱ्याचा जोर झाला की त्या फटीतून शीळ ऐकू येते. एखादे चौकस पोर विचारते, “गुरुजी, खिडकी शीळ का घालते?” आपण उत्तर देतो, “वारा घासतो म्हणून.” मूल गप्प बसते, पण त्याचे समाधान झालेले नसते. वारा भिंतीलाही घासतो. मग भिंत शीळ का घालीत नाही? नुसते घासण्याने खरखर व्हावी. शीळेचा असा एकच स्पष्ट सूर का निघावा? वारा वाढला की तो सूर चढतो, हे का? या प्रश्नांना ‘घासणे’ हे उत्तर पुरत नाही.

आपल्या पूर्वजांचे लक्ष या गोष्टीकडे गेले होते. वाऱ्याने वाजणाऱ्या वेळूंना अमरकोशात ‘कीचक’ असे निराळे नावच दिलेले आहे, आणि कालिदासाने रघुवंशात वनातील कीचकांच्या छिद्रांत वारा भरून ते कसे वाजतात याचे वर्णन केले आहे. बांबूला कीड लागून भोक पडते, त्यावरून वारा वाहतो आणि बांबू वाजतो. बासरी ही याच गोष्टीची मनुष्याने केलेली सुधारणा होय.

आता एक रिकामी काचेची बाटली घ्या. खालचा ओठ तिच्या तोंडाच्या कडेला टेकवून आडवी फुंकर घाला. गंभीर, घुमारा असलेला नाद निघेल. येथे काय घडते ते क्रमाने पाहू. बाटलीच्या गळ्यातील हवा हा एक दट्ट्या समजावा, आणि पोटातील हवा ही उशी समजावी. दट्ट्या आत ढकलला गेला की उशी दाबली जाते व त्याला बाहेर लोटते. तो वेगाने बाहेर येताना आपली जागा ओलांडून जातो, आत हवा विरळ होते व तो पुन्हा आत ओढला जातो. हे येणेजाणे म्हणजेच कंपन. जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा पोकळ गोलांचा उपयोग करून मिश्र नादातील निरनिराळे सूर वेगळे ओळखून दाखविले. पोट मोठे असेल तर सूर खालचा, गळा रुंद व आखूड असेल तर सूर वरचा, असा याचा नियम आहे. एक लिटर पोटाची, पाच सेंटिमीटर लांब व दोन सेंटिमीटर रुंद गळ्याची बाटली सेकंदाला सुमारे १२० कंपने करते.

परंतु हा दट्ट्या हलता ठेवतो कोण? आपली फुंकर तर एकसारखी आहे; तिच्यात सेकंदाला १२० वेळा हिसके देण्याची शक्ती आपल्या छातीत नाही. मर्म येथेच आहे. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत बाटलीच्या तोंडावरून जाऊन पलीकडच्या कडेवर आदळतो. असा झोत फार चंचल असतो. तो किंचित आत वळला की बाटलीत हवा शिरते. आतील दाब वाढला की दट्ट्या बाहेर येतो आणि जाता जाता झोताला बाहेर वळवितो. पुढच्या फेऱ्यात तो पुन्हा आत वळतो. अशा रीतीने झोत दट्ट्याला योग्य क्षणी ढकलतो, आणि तो योग्य क्षण कोणता हे दट्ट्याच झोताला सांगतो. वारा नादाला बळ पुरवितो, आणि नाद वाऱ्याला ताल शिकवितो. झोपाळ्यावरचे मूल आणि त्याला झोका देणारा हात यांच्यासारखाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे झोका देणाऱ्या हाताला वेळ साधावी लागत नाही, झोपाळाच त्याला आपल्या वेळेवर हलवितो.

खिडकीच्या फटीतही हाच प्रकार घडतो. फटीतून निघालेला झोत समोरच्या लाकडाच्या धारेवर आदळतो व तेथे लहान लहान भोवरे सुटतात. त्यांचा धक्का परत फटीच्या तोंडाशी पोचतो, आणि झोत जन्मतो त्याच ठिकाणी त्याला पुन्हा वळवितो. फटीला बाटलीसारखे पोट नसल्यामुळे सूर ठरविणारे मुख्यतः दोन: वाऱ्याचा वेग आणि फटीपासून धारेपर्यंतचे अंतर. म्हणून वारा वाढला की शीळ चढते. भिंतीपाशी झोतही नाही व धारही नाही, म्हणून भिंत गप्प असते. आपण ओठांनी शीळ घालतो तेव्हा तोंडाची पोकळी ही बाटलीचे काम करते, आणि जीभ पुढेमागे करून आपण त्या बाटलीचे पोट लहानमोठे करतो.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून सूर काढण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांत होतो, आणि त्यात घोटाळाही पुष्कळ होतो. बाटलीवर चमच्याने टिचकी मारली तर काच व पाणी कंप पावतात. पाणी जितके जास्त, तितका सूर खाली. तीच बाटली फुंकली तर आतील हवा कंप पावते. पाणी जितके जास्त, तितकी हवा कमी आणि सूर वर. एकाच बाटलीची ही दोन उलट उत्तरे मुलांना जरूर ऐकवावीत. बाटलीचे तीन चतुर्थांश पोट पाण्याने भरले म्हणजे हवा एक चतुर्थांश राहते आणि फुंकरीचा सूर जवळजवळ एका सप्तकाने चढतो. म्हणजे षड्जाचा तार षड्ज होतो. पेटी वाजविणारा एखादा पालक गावात असेल तर त्याला बोलावून हे ताडून पाहावे.

दुहेरी दुमडलेल्या पत्र्याला आरपार भोक पाडून मुले शिट्टी करतात. तिच्यात एका छिद्रातून निघालेला झोत दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडू पाहतो. चहाच्या किटलीची शिट्टी याच जातीची. इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच आपल्या ग्रंथात अशा दोन छिद्रांच्या शिट्टीचा विचार केला होता; पण किटलीच्या शिट्टीचा पूर्ण उलगडा केंब्रिज विद्यापीठातील हेन्रीवूड आणि अगरवाल या संशोधकांनी २०१३ साली केला. वाफेचा झोत मंद असताना शिट्टीची पोकळी बाटलीप्रमाणे वागते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की दुसऱ्या छिद्रापाशी सुटणारे भोवरे आणि किटलीच्या नळीची लांबी यांनी सूर ठरतो. स्वयंपाकघरातील एवढ्याशा गोष्टीला इतकी वर्षे लागली! तेव्हा मुलाच्या प्रश्नाला “मला ठाऊक नाही, आपण पाहू या” असे उत्तर देण्यात शिक्षकाला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आतापर्यंत वारा नाद उत्पन्न करतो हे पाहिले. आता उलट बाजू पाहू. १८५८ साली अमेरिकेतील जॉन लेकाँट या प्राध्यापकांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. ते एका घरगुती संगीताच्या बैठकीस गेले होते. भिंतीवर गॅसचे दिवे जळत होते. व्हायोलिनच्या जातीचे मोठे वाद्य वाजू लागताच त्यांतील एका दिव्याची ज्योत सुरांबरोबर उड्या मारू लागली. बहिऱ्या मनुष्यालाही ते संगीत डोळ्यांनी दिसले असते, असे त्यांना वाटले. ही ज्योत नेहमीच नाचत नसे; गॅसचा दाब इतका असावा लागे की ज्योत भडकण्याच्या अगदी बेतात आलेली असावी. पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी याचा कसून अभ्यास केला. त्यांची एक ज्योत २४ इंच उंच असे; दूर ऐरणीवर हलकीशी टिचकी मारली तरी ती खाली बसून ७ इंचांची होई. टिंडल यांनी आणखी एक गोष्ट दाखविली: अग्नीची येथे गरजच नाही. छिद्रातून निघणारा धुराचा न पेटलेला झोतही नादाला असाच वश होतो. झोत ज्या ठिकाणी छिद्रातून बाहेर पडतो, त्याच ठिकाणी तो अत्यंत नाजूक असतो. तेथे नादाचा अत्यल्प स्पर्श झाला तरी पुढे त्याचे मोठे भोवरे होतात.

त्याच ज्योतीपुढे टिंडल निरनिराळे वर्ण उच्चारून पाहात. स्वरांनी ती कमीअधिक हाले; पण ‘स’चा सूत्कार झाला की ती सर्वांत जास्त दबे. हे आपण ध्यानात ठेवावे; याच्याशी आपले काम आहे.

गॅसची ज्योत आपल्या शाळेत नाही, पण पाणी आहे. फेलिक्स साव्हार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३३ साली पाण्याच्या बारीक धारेवर प्रयोग केले. पत्र्याच्या डब्याच्या तळाला बारीक खिळ्याने गुळगुळीत भोक पाडा व डबा पाण्याने भरून उंच टांगा. धार वरच्या भागात काचेच्या काडीसारखी अखंड दिसेल व खाली तिचे थेंब होतील. आता नादकाटा वाजवून त्याची दांडी डब्याला टेकवा. अखंड भाग आखूड होऊन धार वरच्या वरच तुटू लागेल. नादाची सत्ता मुलांना डोळ्यांनी दिसेल, आणि खर्च काहीच नाही.

या देवाणघेवाणीचा तिसरा प्रकारही आहे. त्यात छिद्रे नादाला गिळून टाकतात. सभागृहाच्या छताला वा भिंतीला भोके पाडलेल्या फळ्या बसविलेल्या आपण पाहिल्या असतील. प्रत्येक भोक हा बाटलीचा गळा आणि मागील पोकळी हे तिचे पोट. चीनमधील मा दायू यांनी १९७५ साली दाखवून दिले की भोके एक मिलिमीटरहूनही बारीक केली तर भोकांतल्या हवेच्या घर्षणानेच पुष्कळसा नाद जिरतो. १९७९ साली हाऊ या इंग्रज गणितज्ञाने छिद्रातून वारा वाहात असेल तर नादाचे बळ छिद्राच्या कडेला भोवऱ्यांत कसे खर्च होते याचे गणित मांडले. विमानांच्या इंजिनांतील घातक गुंजारव शमविण्यासाठी सच्छिद्र पत्र्यांचा जो उपयोग होतो, त्याला या विचाराचा आधार आहे. ज्या भोवऱ्यांनी शीळ जन्मते, तेच भोवरे दुसऱ्या परिस्थितीत तिला मारतात.

आता आपण आपल्या वर्गात येऊ. वाऱ्याचे सर्वांत जवळचे छिद्र आपल्या तोंडात आहे. श, ष, स यांना आपले वैयाकरण ऊष्म वर्ण म्हणतात, आणि त्यांचा प्रयत्न ‘ईषद्विवृत’, म्हणजे किंचित उघडा, असा सांगतात. याहून नेमके वर्णन आजचे शास्त्रही करणार नाही. क, त, प यांत वाट पुरी बंद होऊन उघडते. स्वरांत ती मोकळी असते. आणि ‘स’मध्ये जिभेचे टोक व दातांमागची हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद फट तेवढी राहते. त्या फटीतून निघालेला झोत पुढच्या दातांच्या धारेवर आदळतो. म्हणजे खिडकीचीच रचना: फट, झोत आणि धार. येथे मात्र एक सूर ठरत नाही. भोवरे अनियमित असतात व त्यांतून असंख्य सूर मिसळलेला सूत्कार निघतो. त्याचे बहुतेक बळ सेकंदाला ४००० कंपनांच्या वर असते. ‘श’चे त्याहून काहीसे खाली. कंठ यात हालत नाही. गळ्यावर बोटे ठेवून मुलांना आधी लांब ‘म्’ आणि मग लांब ‘स्’ म्हणावयास सांगा. पहिल्यात बोटांना थरथर लागेल, दुसऱ्यात लागणार नाही.

झोत दातांच्या धारेवर आदळतो, असे मी म्हटले. आणि ती धारच नसेल तर? मुलांचे पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. म्हणजे नेमके पहिली-दुसरीत, ज्या वर्षी आपण त्यांना अक्षरे वाचावयास शिकवितो त्याच वर्षी! नवे दात पुरे येईपर्यंत महिने जातात. तोवर पुष्कळ मुलांचा ‘स’ फुसका निघतो, किंवा जीभ त्या खिंडीतून बाहेर येऊन ‘थ’सारखा होतो.

माझी चूक येथेच झाली. मी नोकरीला लागून थोडीच वर्षे झाली होती. दुसरीत एक मुलगा होता. वाचनाची त्याला आवड होती. एके दिवशी धडा वाचताना त्याने ‘ससा’ हा शब्द असा काही उच्चारला की वर्ग हसला. मी त्याला उभे करून तो शब्द दहा वेळा म्हणावयास लावला. त्याच्या तोंडात वरचे दोन दात नव्हते, हे मला दिसत होते. पण त्याचा उच्चाराशी संबंध आहे हे मला सुचले नाही. मी त्याला आळशी ठरविले. दहाव्या वेळी तो शब्द पहिल्यापेक्षाही वाईट झाला, आणि हशा वाढला. दुसऱ्या दिवसापासून त्याने मोठ्याने वाचणे सोडले. विचारले की मान खाली घालून उभा राही. पुढे त्याचे दात आले, त्याचा ‘स’ही आला, तो मी खेळाच्या मैदानावर स्वतःच्या कानांनी ऐकला. पण वर्गात तो पुन्हा वाचावयास उभा राहिला नाही. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. त्याला घरची कारणे असतील. पण त्या कारणांत माझे कारण नव्हते, असे मला म्हणता येत नाही. पुष्कळ वर्षांनी झोत आणि धार यांविषयी वाचताना मला ते दोन रिकामे दात आठवले, आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे.

पहिली: ज्या मुलाचे पुढचे दात पडले आहेत त्याच्या ‘स’ला चूक म्हणू नये. तो काळाने आपोआप सुधारतो. त्याला वाचू द्यावे, अर्थ विचारावा, आणि वर्गाला हसू देऊ नये. उलट विज्ञानाच्या तासाला त्याच्या दातांची खिंड हाच एक धडा करावा. ज्याला हसत होते तोच मग प्रयोगाचा नायक होतो.

दुसरी: काही मुलांच्या टाळूला जन्मतः फट असते. ती कधीकधी बाहेरून दिसत नाही. अशा मुलाची हवा तोंडातील अरुंद वाटेपर्यंत पोचण्यापूर्वीच नाकावाटे निसटते. त्यामुळे ‘स’ तर बिघडतोच, पण ‘प’, ‘ब’ हेही दुबळे होतात. अशा मुलाला “पापा, पापा” असे सलग म्हणावयास सांगून, उच्चार चालू असतानाच नाकाखाली लहान आरसा धरावा व तो थांबण्यापूर्वी काढून घ्यावा. आरशावर वाफ धरली तर हवा निसटते आहे अशी शंका घ्यावी. ही शंकाच होय. निदान करणे आपले काम नव्हे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे; तपासणीचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाचे नाव पुढे करावे, आणि पालकांना एकान्तात सांगावे, चारचौघांत नव्हे.

तिसरी: दात पुरे आले, टाळू नीट आहे, तरीही एखादे मूल ‘स’ गाळून बोलत असेल, तर ते ‘स’ ऐकते का हे पाहावे. काही मुलांना खालचे सूर चांगले ऐकू येतात व वरचे येत नाहीत. हाक मारली की असे मूल वळून पाहते, म्हणून त्याच्या बहिरेपणाची शंका कोणाला येत नाही; परंतु ज्या वर्णाचे बळ ४००० कंपनांच्या वर आहे, तो त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्याच्या पाठीमागे उभे राहून, हळू आवाजात ‘सात’, ‘पाच’, ‘शाई’, ‘माती’ असे शब्द म्हणावयास द्यावेत. ऊष्म वर्णांचेच शब्द चुकू लागले तर कानांची तपासणी करविण्याचा आग्रह धरावा. अशी कित्येक मुले ‘लक्ष नाही’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसलेली असतात.

बंधुभगिनींनो, विज्ञानाचा तास आणि भाषेचा तास वेळापत्रकात वेगळे असतात. मुलाच्या तोंडात ते एकच आहेत. एक बाटली, एक भोकाचा डबा, एक नादकाटा आणि हातातला आरसा एवढ्या साहित्यावर हा विषय उत्तम शिकविता येतो. येत्या पावसाळ्यात आपल्या शाळेची खिडकी शीळ घालील तेव्हा मुलांना फटीपाशी न्यावे, बोट लावून फट लहानमोठी करावयास द्यावी, आणि सूर कसा पालटतो ते त्यांनाच सांगू द्यावे. आणि त्या घोळक्यातले एखादे मूल ‘शीळ’ किंवा ‘सूर’ हा शब्द वाकडा उच्चारील, तर त्याला दुरुस्त करण्यापूर्वी त्याच्या दातांकडे एकदा पाहावे, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.